अण्णांनी गायलेला फोटो

अण्णांच्या स्टुडिओत आरसा नव्हता. फोटो काढायला आलेला माणूस आत शिरला की आधी भिंतींवरून नजर फिरवायचा, खिशातला कंगवा बाहेर काढायचा आणि तसाच हातात धरून उभा राहायचा. "आरसा कुठंय हो?" असं कुणी विचारलंच, तर अण्णा म्हणायचे, "घरी पाहून आलात ना? मंग बस झालं. आरशात पाहिलेलं तोंड माणूस इथपर्यंत घेऊन येतो, अन् मला तेच काढावं लागतं."

गिऱ्हाइकांचं ठीक होतं, ती हसून सोडून द्यायची. पंचाईत माझी होती, कारण मी तिथं मेकअप करायला होते. नवरीला तासभर सजवायचं आणि तिला तिचं तोंड दाखवायचं नाही, हा धंदा जगात दुसरीकडे कुठे चालत असेल असं मला वाटत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहतील म्हणून अण्णा दारातच सगळ्यांचे मोबाइल एका पितळी डब्यात जमा करायचे. आष्टीकडच्या एका नवरीची आत्या तर माझ्या अंगावरच आली. "आमच्या पोरीला काय करून ठेवलंय ते आम्हाला कळू तरी द्या!" मी अण्णांकडे पाहिलं. ते लाईटची छत्री उघडत होते. मागे न बघता म्हणाले, "कळंल की. अल्बम आल्यावर." आत्याबाईंनी मला जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढे अल्बम घ्यायला त्याच आल्या आणि जाताना स्वतःचा फोटो काढून गेल्या. पण तोवर मला नीट झोप लागली नव्हती.

मुळात मला भीतीच फार. माझं माहेर देवगड तालुक्यात. आठवीनंतर आई आजारी पडली, घरात धाकटी भावंडं, शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं आणि नवऱ्याला जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आले. ना समुद्र, ना ओळखीचं माणूस. तोंडातून 'काय गो' निघालं की गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पार्लरचं काम मी शिकले होते, पण जाईन तिथं कोणी तरी विचारणार, "शिक्षण किती?" या धाकानं मी दारापर्यंत जाऊन परत यायची.

अण्णांकडे गेले तेव्हा मी आठवीचं उत्तर पाठ करून गेले होते. म्हणजे आठवी का, पुढे का नाही, आई कशी आजारी होती, सगळं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काम करताना गुणगुणता का?"

"नाही."

"ब्येस. इथं कुणी गुणगुणायचं न्हाई. गिऱ्हाइकाचं गाणं बिघडतं. उद्यापासून या."

संपलं. आठवीचं पुढेही कधी निघालं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा पुढचा सगळा चक्रमपणा सोसला. आजही कुणी त्यांना वेडं म्हटलं की मला राग येतो, जरी आधी मीच म्हटलेलं असलं तरी. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'कोकणबाई'.

'गिऱ्हाइकाचं गाणं' म्हणजे काय ते मला हळूहळू समजलं. अण्णा कुणालाही 'हसा' म्हणायचे नाहीत. "हसा म्हणलं की माणूस दात दाखवतो. दाताचा फोटो काढायला दवाखाना हाय." ते माणसाला स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "कोणतं गाणं लावू?" पासपोर्टचा फोटो असला तरी. पोलीस भरतीची पोरं लाजायची, म्हाताऱ्या बाया अभंग सांगायच्या, एका तलाठी साहेबांनी इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात, एक भलतंच गाणं सांगितलं होतं. अण्णा ते लावायचे आणि गप उभे राहायचे. माणूस गाण्यात उतरला की बटण दाबायचे.

एकदा बियाण्यांचे एक व्यापारी आले. "मला गाण्याबिण्याचा नाद नाही, काढा जल्दी," म्हणाले. अण्णांनी हाताची घडी घातली आणि समोर बसून राहिले. व्यापारी घड्याळ बघतायत, अण्णा व्यापाऱ्याला बघतायत. मी कोपऱ्यात पफ हातात घेऊन देवाचं नाव घेत होते, कारण हे साहेब चिडले तर दुकानाचं नाव गावभर खराब करतील. तेवढ्यात बाहेरून वरातीचा बँड गेला आणि साहेबांच्या बुटाचं टोक हलायला लागलं. अण्णांनी फोटो काढला. "नाद न्हाई म्हणं," एवढंच पुटपुटले.

वाद्य घेऊन कुणी फोटोला आलं तर मात्र नियम कडक होता. बटण दाबताना वाद्य वाजतच असलं पाहिजे. नुसती पेटीवर बोटं ठेवून किंवा बासरी ओठाला लावून बसलेला माणूस त्यांना चालत नसे. "मुकं वाद्य फोटोत दिसतं," म्हणायचे. गायक असेल तर त्यानं गायलंच पाहिजे. आणि कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी पुसायला गेले तरी माझ्या हातातलं फडकं काढून घ्यायचे.

तर असा माणूस, आणि त्याच्याकडे मासिकाचं मुखपृष्ठ आलं.

जालन्यातूनच निघणारं लहानसं मासिक. दिवाळीला त्यांचा संगीताचा अंक होता. संपादक निवृत्त प्राध्यापक, बोलणं अगदी हळू आणि स्वच्छ. ते म्हणाले, "संगीतातून सुचलेला चेहरा हवा. चेहऱ्याकडे पाहिल्यावर वाचकाला सूर ऐकू आला पाहिजे." मी चहा देत होते, मला त्यातलं निम्मं कळलं नाही. अण्णांना सगळं कळलं असावं, कारण ते दुसऱ्या दिवसापासून जेवायचे विसरायला लागले. खडू घेऊन स्टुडिओच्या फरशीवर आखायचे, इथं स्टूल, इथून खिडकीचा उजेड, इथं मी. मग पुसायचे. मला स्टुलावर बसवून उजेड बघायचे आणि माझ्या तोंडाकडे पाहून मान हलवायचे. "तुम्ही न्हाई. तुमच्या तोंडावर सारखं दार वाजल्यासारखं असतं."

"मग कोण, अण्णा?"

"तेच तर शोधून राह्यलो."

मावशींचं नाव मी काढलं. पिंपळगाव रेणुकाईच्या जवळच्या एका गावातल्या. माझ्या शेजारणीची आई. माझी मुलगी झाली तेव्हा माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. बारशाला पाळणा कोण म्हणणार म्हणून मी रडत बसले होते. लेकीकडे पाहुण्या आलेल्या मावशी उठल्या, पदर खोचला आणि पाळणा म्हणायला लागल्या. माझ्याकडचा पाळणा वेगळा, त्यांचा वेगळा. तरी मला वाटलं, आई आली.

नवरात्रात देवीची गाणी, लग्नात हळदीची, सगळी त्यांना यायची. नवरा ढोलकी वाजवायचा. पण माइक नेहमी दुसऱ्याच्या हातात. मावशी मागे बसून सूर धरायच्या. मी मुखपृष्ठाचं विचारलं तेव्हा त्या "मला नगं बाई असलं" म्हणाल्या होत्या. नवराच मधे पडला. "जाय की. एकदा तरी म्होरं बस." मग त्या हो म्हणाल्या, आणि मी अण्णांना जबान दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशींचा नवरा गेला. शेतातून आला, ओसरीवर टेकला आणि गेला.

आता मावशी वर्षभर गाणार नव्हत्या. भजनाला हरकत नसते, दहाव्याला तर भजन लावतातच. पण त्यांची गाणी देवीची आणि लग्नाची. वर्ष होईपर्यंत त्या घरात ती म्हणायची नसतात. मी हे अण्णांना कसं सांगितलं ते माझं मला माहीत. अण्णा फरशीवरच्या खडूकडे बघत होते. म्हणाले, "त्या यायला तयार हायेत का?"

"येते म्हणाल्या. ते जा म्हणले होते, म्हणून येणार."

"मंग येऊ द्या."

पण संपादकांना थांबायला वेळ नव्हता. ज्या दिवशी मावशी येणार होत्या त्याच दिवशी संध्याकाळी फोटो छापखान्यात जायचा होता. त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवून ठेवलं होतं. तंबोरा मांडीवर घेतलेली, डोळे मिटलेली, गोरी गोरी बाई, कुठल्या तरी जाहिरातीतली. "तुमचं नाही जमलं तर हे आहेच," ते सौजन्यानं म्हणाले होते. मला त्या बाईचा इतका राग आला की बस. तिनं काय केलं होतं बिचारीनं.

वडील गेल्यापासून गावीच असलेल्या लेकीबरोबर मावशी भोकरदनमार्गे जीपनं आल्या. पांढऱ्याकडे झुकलेलं लुगडं, कपाळ मोकळं. लेकीनं पिशवीत घालून वडिलांची ढोलकी आणली होती, अण्णांनीच मागवली होती. मला वाटलं, हे फार झालं. मावशींनी ढोलकी पाहिली, तिच्यावर तळहात टेकवला, आवाज होणार नाही असा, आणि हात काढून घेतला.

मेकअपला माझे हात उठेनात. अण्णा म्हणाले, "नुसतं तोंड पुसा. पावडर नको." मी ओल्या फडक्यानं धूळ तेवढी टिपली. मावशी मला म्हणाल्या, "तू कशापायी कापायली? फोटू माझा हाय."

त्या स्टुलावर बसल्या. खिडकीतून उजेड बरोबर अण्णांनी आखलेल्या जागी पडला होता. अण्णा कॅमेऱ्यामागे गेले.

"मावशी, म्हणा कायतरी."

"म्या म्हणणार न्हाई. पोरीनं सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. पण गाणाऱ्याचा मुका फोटो मी काढत न्हाई."

"मंग नका काढू."

"बरं."

अण्णा कॅमेऱ्यापासून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून बसले. मावशी स्टुलावर तशाच, हात गुडघ्यावर. दोघंही एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. लेक माझ्याकडे बघतेय, मी दाराकडे. उजेड फरशीवरून सरकत होता. मी हळूच म्हटलं, "अण्णा, एकच फोटो. गप बसलेल्याच काढा. फार झालं तर छापणार नाहीत." अण्णा म्हणाले, "छापतील. तेच तर वंगाळ हाय." मग मी मावशींच्या कानाशी गेले. "मावशी, नुसतं गुणगुणलं तर चालत नाही का?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे आले. "तुला बाई तुझ्या अण्णांची भीती हाय, मला माझ्या घरच्यांची. ते गेले, पण वर्ष पाळायचं म्हणलेली माझी जबान गेली न्हाई."

तेवढ्यात अण्णांच्या मोबाइलवर फोन आला, संपादकांचाच असणार. पितळी डब्यात वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मला डोळ्यांपुढे ती तंबोरेवाली छापून आलेली दिसायला लागली, आणि मावशी जीपमधून रिकाम्या परत जाताना दिसायला लागल्या. नवऱ्यानं पुढे बस म्हणून सांगितलेली बाई इतक्या लांब येऊन पुन्हा मागेच बसणार होती. आणि तिला बोलावलं मी होतं.

मग अण्णा उठले. त्यांनी घसा खाकरला. आणि गायला लागले.

एवढ्या वर्षांत मी त्यांचा गुणगुणल्याचाही आवाज ऐकला नव्हता. का ते त्या दिवशी कळलं. देवीचंच गाणं, नवरात्रात मावशी म्हणायच्या तेच, पण ते गाणं मला ओळखायला वेळ लागला. आवाज कधी छपरात, कधी पायाखाली. आणि वर टाळ्या. त्या तर गाण्याशी भांडण झाल्यासारख्या भलतीकडेच पडत होत्या. मावशींच्या लेकीनं ओठ दाताखाली धरले. मला हसू येत नव्हतं. मला वाटलं, अण्णांचं डोकं फिरलं, आता मावशी उठून जाणार.

मावशी उठल्या नाहीत. आधी त्यांच्या कपाळावर एक आठी आली. मग त्यांनी मान वळवून अण्णांकडे पाहिलं, जणू कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत भाकरी करपवत होतं. अण्णा पुढचं कडवं ओढायला लागले. टाळी पुन्हा चुकली. आणि मावशींचा उजवा हात आपोआप उठला आणि गुडघ्यावर पडला. जिथं टाळी पडायला हवी होती बरोबर तिथं. मग दुसऱ्यांदा. मग हात थांबेचना. तोंड घट्ट मिटलेलं, गाणं म्हणायचं नाही म्हणजे नाही, पण बोटं गुडघ्यावर अशी सरळ चालली होती की अण्णांच्या त्या रेकण्यातूनही मूळचं गाणं ऐकू यायला लागलं.

अण्णांनी गाता गाता कॅमेऱ्याकडे एक पाऊल टाकलं. त्यांचा सूर जरा थांबला, तसा मावशींचा हातही थांबला. अण्णा झटकन परत भिंतीकडे गेले आणि दुप्पट जोरानं सुरू झाले. हात पुन्हा चालू. मग त्यांना कळलं आणि मलाही कळलं. त्यांना गाणं थांबवता येत नव्हतं. मावशींची मान त्यांच्याकडे वळलेली होती म्हणून उजेड गालावर बरोबर पडत होता, म्हणजे अण्णांना हलताही येत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवत माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी कॅमेरा दाखवला.

मी मान हलवली. नाही. मी फडकं सुद्धा लावलेलं नव्हतं त्या यंत्राला. अण्णांनी डोळे वटारले, आणि गाण्याच्या ओळीत, त्याच भयानक चालीवर, मधेच म्हणाले, "को-क-ण-बा-ई, दा-बा!"

मावशींनी त्या शब्दांनाही ताल धरला.

मी कॅमेऱ्यामागे कशी गेले ते आठवत नाही. काचेतून मावशी इतक्या जवळ दिसल्या की मला त्यांच्या घरात चोरून शिरल्यासारखं झालं. आठी, मिटलेले ओठ, ओठांच्या कोपऱ्यात राग आणि त्या रागाच्या खाली कुठे तरी हसू दाबलेलं, आणि गुडघ्यावर वर आलेला हात. हात खाली पडायच्या आत दाबायचं की पडल्यावर, मला कोण सांगणार? मी मावशींच्या हाताकडे बघितलं आणि तो पडला तसं माझं बोट पडलं. पुन्हा पडला, पुन्हा दाबलं. मला त्या वेळी भीती वाटत होती का, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केलाय. वाटली असणारच. पण आठवत नाही.

शेवटी मावशींनीच दोन्ही हात जोडले. "ओ अण्णा, थांबा आता! माझं जाऊ द्या, त्या देवीची तरी दया येऊ द्या!"

लेक मोठ्यानं हसली आणि हसता हसता रडायला लागली. मावशींनी तिला जवळ घेतलं. अण्णा घाम पुसत म्हणाले, "का बरं? दुसरं कडवं तर राह्यलं की."

"तुमच्या घरी म्हणा. दारं लावून."

अण्णांनी ते मुद्दाम बेताल गायलं होतं की त्यांना तेवढंच येत होतं, हे मी नंतर किती तरी वेळा विचारलं. ते म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आणि काय वाटतं ते सांगितलं की फुगून बसायचे.

संध्याकाळी संपादक स्वतःच आले. फोटो बघून म्हणाले, "या गात नाहीयेत. वाद्यही नाही. यात संगीत कुठे आहे?" मी मागे उभी होते. संपादकांनी फोटो मोठा करून हात पाहिला, मग तोंड, मग परत हात. "चिडल्या आहेत का त्या?"

"हो."

"कुणावर?"

"बेतालावर."

संपादक हसले नाहीत. म्हणाले, "पाठवतो हा." तरी अंक छापून येईपर्यंत माझा विश्वास नव्हता. ऐनवेळी तंबोरेवाली येऊन बसेल असंच वाटत होतं.

भांडण झालं ते नावावरून. फोटो कुणाचा म्हणून अण्णांनी माझं नाव सांगितलं. मी हात जोडले. "अण्णा, नको. तुमचा कॅमेरा, तुमचा उजेड, तुम्ही आखलेलं सगळं. मी नुसतं बोट ठेवलं. लोक विचारतील ही कोण, कुठे शिकली, काय सांगू?" अण्णा चिडले. "दाबलं कुणी? तुम्ही. मी त्या वेळी काय करत होतो?"

"गात होता."

"मंग ते छापतील."

आणि ते छापायला लावलंच त्यांनी. संपादकांनी विनवलं, की अण्णा, लोक हसतील. अण्णा म्हणाले, "हसू द्या की. हसा म्हणून सांगायची माझ्यावर कधी वेळ आली न्हाई." अंकाच्या पहिल्या पानावर अजून आहे. मुखपृष्ठ छायाचित्र, म्हणून माझं नाव. आणि त्याच्याखाली, छायाचित्रणावेळचं गायन, म्हणून अण्णांचं. त्या ओळीमुळे कुणी मला काही विचारलंच नाही. सगळं जालना अण्णांना विचारत होतं, की पुढचा कार्यक्रम कधी.

अंक मावशींकडे गेला. त्यांनी लेकीच्या मोबाइलवरून फोन केला, मी स्पीकर लावला. "फोटू बराबर हाय," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या फोटूम्होरं ठेवला. म्हणलं, बघा, बसले म्होरं." मग जरा थांबून, "पण खाली गायन का काय लिहिलंय म्हणं. ते खोटं हाय. त्याला गायन म्हणत न्हाईत. काढून टाका म्हणावं."

अण्णा खडूनं काही तरी आखत होते. मान वर न करता म्हणाले, "छापलेलं कसं निघंल? म्हणावं, तुमचं वर्ष होऊ द्या. मंग येतो शिकायला."

मी तेच सांगितलं. वर्षाचं नाव काढायला नको होतं, वाटलं.

"या म्हणावं," मावशी म्हणाल्या. "पण टाळीपासून सुरू करावं लागंल."